पिशवी काढल्यानंतर

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून गाजला, विधिमंडळात गाजला आणि श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आला. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हे प्रमाण शेकडा सतराच्या घरात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांत देशभरचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास आहे. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान, बिहार व छत्तीसगड येथील अशाच शस्त्रक्रियांसंबंधीच्या याचिकेचा निकाल देताना, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र शासनाने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा आदेश दिला. हे सर्व योग्यच झाले. परंतु या चर्चेला एक चमत्कारिक मर्यादा राहिली. शस्त्रक्रिया किती झाल्या, कोणी केल्या, कशासाठी केल्या, यांचा हिशेब मांडला गेला. ज्या स्त्रियांवर त्या झाल्या त्यांचे पुढे काय होते, आणि त्यांना कोणता उपचार मिळावयास हवा, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या मनातही आला नाही.

‘पिशवी काढली’ एवढेच ती बाई सांगते. पिशवीबरोबर अंडाशयही काढले की ठेवले, हे तिला बहुधा कोणी सांगितलेले नसते आणि तिच्याजवळच्या कागदावर ते असेलच असे नाही. वस्तुतः साऱ्या पुढच्या आयुष्याचा प्रश्न या एका गोष्टीवर अवलंबून असतो. गर्भाशय गेले तर पाळी थांबते; अंडाशय गेले तर शरीरातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा मुख्य झराच एका दिवसात आटतो. भारतीय स्त्रीची पाळी निसर्गतः सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या सुमारास जाते, आणि ती जाण्यापूर्वी काही वर्षे शरीर हळूहळू त्या स्थितीकडे सरकत असते. तिशीतल्या स्त्रीचे अंडाशय काढले की हा सारा प्रवास एका रात्रीत उरकतो. अंडाशय ठेवले तरी ते अशा शस्त्रक्रियेनंतर बरेचदा नेहमीपेक्षा लवकर थकतात. आणि पाळी आधीच थांबलेली असल्यामुळे ते केव्हा थकले हे कळण्याची नेहमीची खूणही उरत नाही.

मग अंगातून वाफा निघू लागतात. छातीपासून चेहऱ्यापर्यंत लाही होते, घामाने अंग भिजते, छाती धडधडते आणि थोड्याच वेळात थंडी वाजते. रात्री हेच पुन्हा पुन्हा झाले की झोप लागत नाही. सांधे धरतात, योनिमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते, विनाकारण रडू येते. फडावरच्या कामाला या कशाचीही सवड नाही. पहाटेच्या अंधारात उठून स्वयंपाक करायचा, दिवसभर ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहायच्या आणि कोपीवर परत येऊन पुन्हा चूल पेटवायची, असा तिचा दिनक्रम असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई बसली की कोयता बसतो, खाडा पडतो, मुकादमाची उचल फिटायची राहते. पाळीच्या दिवसांत खाडा पडू नये, अंगावरून जाणे कायमचे थांबावे, म्हणून ज्या बाईने पिशवी काढून घेतली, तिला त्या शस्त्रक्रियेने दिलेला त्रास महिन्यातून चार दिवसांचा राहिलेला नाही, तो तीस दिवसांचा झाला आहे. ती डॉक्टरकडे गेलीच तर अशक्तपणा म्हणून एक सलाईन लावले जाते, दुखण्यावर सुई टोचली जाते आणि तिचे पैसे घेतले जातात. रोगाचे नाव कोणी घेत नाही.

या रोगाला, किंबहुना या अवस्थेला, उपचार आहे. शरीरात कमी पडलेले इस्ट्रोजेन गोळीच्या, पट्टीच्या किंवा मलमाच्या रूपाने परत देणे हा तो उपचार. अंगाची लाही आणि रात्रीचा घाम यांवर त्याच्याइतका परिणामकारक दुसरा इलाज वैद्यकाला अद्याप सापडलेला नाही. ज्यांचे गर्भाशय शाबूत आहे त्यांना त्याच्या जोडीला प्रोजेस्टेरॉन द्यावे लागते, कारण एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाची भीती वाढते. गर्भाशय नसलेल्या स्त्रीला हे दुसरे औषध लागत नाही. म्हणजे बीडच्या त्या बाईचा उपचार शहरातील बाईच्या उपचारापेक्षा सोपा आहे. अकाली अंडाशय गमावलेल्या स्त्रीच्या बाबतीत तर हा प्रश्न केवळ त्रासाचा राहत नाही. इस्ट्रोजेनअभावी तिची हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. म्हणून अन्य काही अडचण नसल्यास निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत तिला संप्रेरके द्यावीत, याविषयी तज्ज्ञांत आता मोठा मतभेद नाही.

तरीही या उपचाराकडे पुरोगामी वर्तुळात संशयाने पाहिले जाते. या संशयाला इतिहास आहे, आणि तो लाज वाटावी असा नाही. गाभण घोडींच्या मूत्रापासून काढलेल्या इस्ट्रोजेनची प्रेमारिन ही गोळी अमेरिकेत १९४२ साली विक्रीस आली. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने ‘फेमिनाइन फॉरएव्हर’ हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा उणीवेचा रोग ठरवला आणि गोळी घेणारी स्त्री सदैव तरुण राहील असे भासवले. त्याच्यामागे औषध कंपनीचा पैसा होता हे नंतर उघड झाले. १९७५ साली गर्भाशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध पुढे आला तेव्हा लाखो स्त्रिया ती गोळी घेऊन चुकल्या होत्या. भारतातील अनुभव निराळा असला तरी कमी कडू नाही. गर्भ राहिला की नाही हे पाहण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या, उच्च मात्रेच्या इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या औषधांविरुद्ध स्त्री संघटनांना आणि आरोग्य चळवळीला १९८० च्या दशकात वर्षानुवर्षे झगडावे लागले. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि बंदी पक्की व्हायला १९८८ साल उजाडले. नेट-एन या गर्भनिरोधक सुईच्या चाचण्यांविरुद्ध १९८६ साली स्त्री संघटनांनी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. गरीब स्त्रीचे शरीर ही प्रयोगशाळा नव्हे, हे त्या चळवळीने ठणकावून सांगितले आणि ते सांगणे आवश्यक होते.

परंतु जी शंका १९८६ साली शहाणपणाची होती तीच आज जशीच्या तशी बाळगणे म्हणजे आळस आहे. ‘संप्रेरके म्हणजे कर्करोग’ हे समीकरण जनमानसात पक्के झाले ते २००२ साली. त्या वर्षी जुलै महिन्यात अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या प्रचंड अभ्यासातील एक भाग मुदतीपूर्वी थांबवण्यात आला. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉनसदृश औषध एकत्र घेणाऱ्या गटात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण शेकडा सव्वीसने वाढले, ही बातमी जगभर पसरली. सव्वीस टक्के हा आकडा भयंकर वाटतो. त्याचा प्रत्यक्ष अर्थ असा होता की, दर वर्षी दहा हजार स्त्रियांमागे जेथे तीस जणींना हा कर्करोग झाला असता तेथे अडतीस जणींना झाला. आठ स्त्रिया ही काही क्षुल्लक बाब नव्हे. पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचेही प्रमाण वाढलेले दिसले होते, तसे मांडीचे हाड मोडण्याचे कमी झालेले दिसले होते. परंतु या अभ्यासातील स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते! त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांची पाळी जाऊन दहा-बारा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता. आणि याच अभ्यासाचा दुसरा भाग, गर्भाशय काढलेल्या व एकटे इस्ट्रोजेन घेणाऱ्या १०,७३९ स्त्रियांचा, २००४ साली पक्षाघाताच्या कारणाने थांबला, तेव्हा त्यात स्तनाचा कर्करोग वाढलेला आढळला नाही. ही दुसरी बातमी पहिलीच्या मानाने फारशी कोणी छापली नाही.

पुढील दोन दशकांत चित्र स्पष्ट झाले. साठीच्या आतील किंवा पाळी जाऊन दहा वर्षे न झालेल्या, अन्यथा निरोगी असलेल्या आणि ज्यांना खरोखर त्रास आहे अशा स्त्रियांना या उपचाराचा लाभ धोक्याहून अधिक असतो. अमेरिकेच्या औषध नियंत्रकाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरील बरेचसे ठळक इशारे काढण्याची घोषणा केली. इशारे काढले म्हणजे धोका संपला असा अर्थ कंपन्यांचे विक्रेते खुशाल लावतील. तो मान्य करण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला होता, जिच्या रक्तात गुठळ्या झाल्या होत्या, जिला पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला, जिचे यकृत बिघडले आहे, जिला अंगावरून जाण्याचे कारण सापडलेले नाही, तिने हे औषध घेऊ नये. रक्तदाब पाहावा लागतो, स्तनांची तपासणी करावी लागते, ठरावीक काळाने पुन्हा बोलवावे लागते. तात्पर्य, हा उपचार डॉक्टराच्या सतत देखरेखीचा आहे. दुकानातून गोळी घेऊन जाण्याचा तो नव्हे.

आणि येथेच वर्गाचा प्रश्न उभा राहतो. मुंबई-पुण्यातील सुखवस्तू स्त्रीला खाजगी तज्ज्ञ मिळते, रक्ताच्या व हाडांच्या तपासण्या मिळतात, पट्टी घ्यावी की मलम यावर अर्धा तास बोलणारे कोणी मिळते. (तिलाही ते सहज मिळते असे नाही. ‘या वयात असे व्हायचेच’ हे वाक्य तिनेही अनेकदा ऐकलेले असते.) गावातील बाईला सरकारी आरोग्य केंद्रात जे मिळते ते गर्भारपण, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांच्या चौकटीत मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी स्त्रियांना प्रश्न विचारते तीच मुळी पंधरापासून एकोणपन्नास वर्षांपर्यंत. पन्नाशीची बाई तिच्या रकान्यांतून बाहेर पडते. मूल होण्याच्या वयापुरतेच स्त्रीचे शरीर शासनाला दिसते, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही. आरोग्य विम्याची रचना याहून विपरीत आहे. आयुष्मान भारतसारख्या योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यासाठी आहेत. शरीर कापण्यासाठी दाखल झालेल्या बाईचे बिल अशा योजनेत बसू शकते. घरी राहून दहा वर्षे रोज एक गोळी घेण्याचा खर्च तिच्यात बसत नाही. अशा व्यवस्थेत शस्त्रक्रियेकडे कल झुकला तर नवल कसले?

हे अपरिहार्य आहे असे नाही. इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवा आहे, आणि तेथेही २०२२ साली या औषधांचा तुटवडा पडून स्त्रिया हवालदिल झाल्या होत्या. त्यांनी आवाज उठवला. एप्रिल २०२३ पासून, दोन औषधचिठ्ठ्यांच्या शुल्काइतकी रक्कम वर्षातून एकदा भरली की वर्षभर ही औषधे मिळण्याची सोय तेथे झाली. स्कॉटलंड आणि वेल्समध्ये औषधचिठ्ठीला मुळात शुल्कच नाही. हा दयेचा भाग नव्हता. सेवा सार्वजनिक असल्यामुळे दाद मागायला एक निश्चित दार होते आणि ते ठोठावले गेले.

महाराष्ट्रातील चळवळीने हे दार कोणते ते ओळखले पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्या मुलखात पाळीविषयी आणि पाळी जाण्याविषयी बोलताना कार्यकर्त्यांनी अजूनही घसा खाकरावा, हे शोभत नाही. ऊसतोड कामगारांच्या मागण्यांच्या यादीत दरवाढ असते, विमा असतो, मुलांच्या शाळा असतात; त्या यादीत या उपचाराची ओळ आजवर कोणी घातल्याचे दिसत नाही. जिल्हा रुग्णालयात रजोनिवृत्तीचा स्वतंत्र दवाखाना उघडला तरी तेवढ्याने भागणार नाही, कारण ही बाई वर्षातले पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर, पश्चिम महाराष्ट्रातील नाही तर कर्नाटकातील एखाद्या कारखान्याच्या हद्दीत असते. औषध तिच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळाले पाहिजे, हंगामापुरते एकदम मिळाले पाहिजे आणि कारखान्याजवळच्या केंद्रातही त्याच कागदावर मिळाले पाहिजे. शस्त्रक्रियेच्या कागदावर अंडाशय काढले की ठेवले हे मराठीत, तिला वाचता येईल किंवा वाचून दाखवता येईल अशा शब्दांत, लिहून देणे डॉक्टरावर बंधनकारक केले पाहिजे.

सुरुवात कोठून करावी हे शोधण्यासाठी नवी समिती नको. २०१९ ची पाहणी शासकीय यंत्रणेनेच केलेली आहे. त्या १३,८६१ स्त्रियांची नोंद तिच्याकडे असली पाहिजे. त्यांतील ज्या तेव्हा तिशीत होत्या त्या आता चाळिशीत आल्या आहेत किंवा येऊ घातल्या आहेत. हा उपचार लवकर सुरू केला तरच त्याचा पुरता उपयोग होतो, आणि त्यांच्या बाबतीत इतकी वर्षे आधीच वाया गेली आहेत. दसऱ्यानंतर गाड्या भरण्यापूर्वी आशा कार्यकर्तीने यांपैकी प्रत्येकीच्या घरी जावे, शस्त्रक्रिया कोणत्या वर्षी झाली, कागद आहे काय, रात्री झोप लागते काय, एवढे विचारावे आणि तिला डॉक्टरापुढे उभे करावे.