गोलांची किंमत, कराराची मुदत

मिनेसोटा वाइल्ड या आइस हॉकी संघाने 30 सप्टेंबर 2025 रोजी किरिल काप्रिझोव्ह या डाव्या विंगरशी, म्हणजे कडेच्या आक्रमकाशी, 8 वर्षांचा, 13 कोटी 60 लाख डॉलरचा करार केला. 2026-27पासून लागू होणारा हा करार नॅशनल हॉकी लीगमध्ये तोवर झालेला सर्वांत मोठा करार ठरला. काप्रिझोव्ह एवढ्या मोलाचा आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. गोल करणाऱ्या विंगरला दीर्घ मुदतीचे मोठे मानधन देताना संघ नेमके काय विकत घेतो, हे आधी तपासायला हवे.

2005पासून लीगमध्ये संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा आहे. मालक कितीही धनाढ्य असो, एकाला दिलेली रक्कम दुसऱ्याच्या वाट्यातून वजा होते. 2026-27साठी जाहीर झालेल्या 10 कोटी 40 लाखांच्या मर्यादेत काप्रिझोव्हचे वार्षिक 1 कोटी 70 लाख म्हणजे जवळजवळ सहावा हिस्सा. उरलेल्या रकमेत वीसेक खेळाडू बसवायचे.

आता बफेलो सेबर्सच्या जेफ स्किनरकडे पाहू. 2018-19मध्ये, म्हणजे करार संपण्याच्या वर्षी, त्याने 82 सामन्यांत 268 फटक्यांवर 40 गोल केले, आणि वयाच्या 27व्या वर्षी त्याला 8 वर्षांसाठी 7 कोटी 20 लाख डॉलर मिळाले. पुढच्या हंगामात 59 सामन्यांत त्याचे गोल होते 14. मात्र दर सामन्यामागचे फटके सव्वातीनवरून तीनवर आले होते, एवढेच. कोसळले ते फटक्याचे गोलात रूपांतर होण्याचे प्रमाण: सुमारे 15 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर. हे प्रमाण एका हंगामापुरते योगायोगाने आणि जोडीदारांच्या दर्जाने बरेच हलते; संघाचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक, जॅक आयकल याच्यासोबतची त्याची जोडीही तोवर मोडली होती. पुढे स्किनर सावरला, 2021-22मध्ये 33 आणि नंतर 35 गोल केले, हे नोंदवायलाच हवे. तरीही 2024मध्ये संघाने उरलेली 3 वर्षे रद्द केली आणि नियमानुसार त्याचा भार दुप्पट काळासाठी, 2029-30पर्यंत, मर्यादेच्या हिशेबात राहणार आहे.

विंगरच्या तुलनेत सेंटर फेसऑफ (खेळ सुरू करताना पकसाठीची झुंज) घेतो, स्वतःच्या गोलपुढे बचावाला उतरतो; गोल आटले तरी त्याचे काही मोल उरते. विंगरचे मोल मुख्यतः गोलांतच साठलेले असते, आणि गोल करण्याची क्षमता साधारणपणे विशीच्या मध्यावर शिखर गाठते. म्हणजे जे सर्वांत आधी झिजते त्यावरच सर्वांत लांब मुदतीचे बंधन घातले जाते.

मिनेसोटाला हे ठाऊक असायला हवे. 2012मध्ये याच संघाने डावा विंगर झॅक परिसे आणि बचावपटू रायन सूटर यांना प्रत्येकी 13 वर्षांचे, 9 कोटी 80 लाखांचे करार दिले होते. 2021मध्ये दोन्ही करार मोडले, आणि 2023-24 व 2024-25 या दोन्ही हंगामांत सुमारे 1 कोटी 47 लाख डॉलर संघात नसलेल्या माणसांपायी अडकून राहिले. 2024-25च्या 8 कोटी 80 लाखांच्या मर्यादेत तोही सहावाच हिस्सा होता.

वाढत्या मर्यादेमुळे आजचा आकडा उद्या स्वस्त वाटेल, हा बचाव निराधार नाही. 2027-28ची मर्यादा 11 कोटी 35 लाख असल्याचे आधीच जाहीर झाले आहे. पण मर्यादा सर्वांचीच वाढते. प्रतिस्पर्ध्यांनाही तितकीच मोकळीक मिळत असल्याने चुकीच्या कराराचे नुकसान सौम्य होते, नाहीसे होत नाही.

काप्रिझोव्ह स्वतः संधी निर्माण करतो. 2021-22मध्ये 47 गोलांसह त्याचे, गोल व गोलसाहाय्य मिळून, 108 गुण होते. 2024-25मध्ये दुखापतीमुळे तो 41 सामनेच खेळला आणि करार संपताना तो 37 वर्षांचा असेल, हे धरूनही मी त्याच्या कराराला चूक म्हणणार नाही, मुदत मात्र मला खटकते. खरी चिंता त्याच्या खालच्या पायरीची आहे. वाटाघाटीत प्रतिनिधी अशा कराराकडे मर्यादेचा अमुक टक्का म्हणून बोट दाखवतात, आणि मग 27 वर्षांचा, कराराच्या शेवटच्या वर्षी 40 गोल केलेला, उत्तम सेंटरशेजारी खेळणारा पुढचा विंगर त्याच मोजपट्टीवर मोजला जातो.