पगारातून कापलेले पैसे

मेकॅनिकलवाल्यांना इंग्लंडमधलं स्विंडन हे नाव माहीत असेल, तर ते रेल्वे इंजिनांमुळे. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा प्रचंड कारखाना या शहरात होता. पण मला विचाराल, तर तिथली सगळ्यात भारी निर्मिती इंजिन नव्हतीच. ती होती कामगारांचा मेडिकल फंड!

१८४७ मध्ये तो सुरू झाला. पगारातून ठरावीक पैसे कापायचे आणि त्यातून कामगाराला व त्याच्या घरच्यांना डॉक्टर आणि औषधं द्यायची. १८७१ मध्ये स्वतःचं हॉस्पिटल झालं. पुढे स्नानगृहं आली, पोहण्याचा तलावसुद्धा आला. कारभार बघायला कामगारांचीच कमिटी.

सगळं झकास, पण एक मेख होती. फंड फक्त रेल्वेवाल्यांचा. शेजारी दुकानात राबणाऱ्याला हे दार बंद. आजार काय ओळखपत्र बघून येतो?

५ जुलै १९४८ रोजी आरोग्यमंत्री अन्युरिन बेव्हन यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. फंडाच्या सेवा तिच्यात गेल्या आणि दार सगळ्यांना उघडलं. कामगारांच्या हातून कारभार गेला, ही खंत खरी. तरीही सौदा योग्यच होता, असं माझं ठाम मत आहे.

उद्या आपल्यालाही कंपनीचा मेडिक्लेम मिळेल. तेव्हा आपल्याच शॉपफ्लोअरवरच्या कंत्राटी हेल्परचं नाव त्या यादीत आहे का, एवढं विचारायला विसरू नका.