दहावीचा सत्कार झाला, आता पोरगी जाणार कुठे?



दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांमध्ये एक कार्यक्रम ठरलेला असतो. गुणवंतांचा सत्कार. विहारात खुर्च्या लागतात, तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना हार घातले जातात, त्रिशरण-पंचशील होते. पाहुणे येतात, "बाबासाहेबांमुळेच आज आपण इथे आहोत" असे सांगतात. पोरापोरींच्या हातात मोमेंटो आणि गुलाबाचे फूल देऊन फोटो निघतो. रात्री तो फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो. दुसऱ्या दिवसापासून त्या पोरांचे पुढे काय झाले, हे विचारायला कोणी जात नाही.

मी हे बाहेर बसून लिहीत नाही. नालवाडीतल्या अशा कार्यक्रमांचे सूत्रसंचालन मी स्वतः केले आहे. म्हणून ही टीका आधी माझ्यावर आहे, मग तुमच्यावर.

मागच्या एका कार्यक्रमात आम्ही वस्तीतल्या एका मुलीचा सत्कार केला. ७९ टक्के. गणित आणि विज्ञानात सगळ्यात जास्त गुण. आई लोकांकडे धुणीभांडी करते, वडील ऑटो चालवतात. तिला सायन्स घ्यायचे होते. तीन आठवड्यांनी तिच्या घरी गेले तेव्हा कळले, आर्ट्सला नंबर लागला होता. आई म्हणाली, "ताई, सरांनं सांगतलं, सायन्स हिले झेपनार नाही. क्लासवाला दीड लाख मांगते. कुठून आनाचे?" ऑनलाइन फॉर्म कॅफेवाल्याने भरला होता. पसंतीची कॉलेजे त्यानेच टाकली, घरच्यांनी फक्त ओटीपी सांगितला. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले, आणि पहिली पसंती मिळाल्यावर प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, हा नियम त्यांना तेव्हा समजला.

त्या मुलीची निवड शिक्षकाने केली, क्लासच्या एजंटने केली, कॅफेवाल्याने केली. तिने स्वतः काहीच निवडले नाही. आणि मी? मी सत्काराला होते, फॉर्म भरताना नव्हते.

आता एक जुना सत्कार आठवू. १९०७ साली भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. वय सोळा. तेव्हाही सत्काराची सभा झाली. सीताराम केशव बोले अध्यक्ष होते. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले. ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो. पण अर्धीच सांगतो. केळुसकर गुरुजी त्या मुलाला आधीपासून ओळखत होते, बागेत वाचत बसलेला पाहून त्याला पुस्तके देत होते. आणि पुढे कॉलेजचा खर्च रामजीबाबांना झेपेना, तेव्हा हेच गुरुजी सयाजीराव गायकवाडांपर्यंत गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्यातून १९१२ ची बी.ए. झाली. तो सत्कार आपल्याला आठवतो, कारण सत्कार करणारा माणूस नंतरही सोबत राहिला. आपण केळुसकर गुरुजींचे हार-तुरे तेवढे उचलले. त्यांची पायपीट सोडून दिली.

माझे म्हणणे एवढेच आहे: दहावीनंतर कुठे शिकायचे, हा घराघरातला खासगी प्रश्न नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे. आज जात आपल्या पोरांना शाळेच्या दारात अडवत नाही. ती दहावीनंतरच्या वळणावर उभी असते आणि फार गोड आवाजात विचारते, "झेपेल का?"

हा "झेपेल का" नीट ऐका. ७९ टक्क्यांच्या पोराचे वडील डॉक्टर, वकील किंवा प्राध्यापक असतील, तर त्याला "मेहनत कर, होईल" असे सांगतात. तेवढ्याच गुणांच्या धुणेवालीच्या पोरीला "झेपेल का" विचारतात. गुणपत्रिका सारखीच आहे. फरक कशाचा आहे? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावे लागले. तेव्हा सरळ नकार होता. आता नकाराला काळजीचे रूप आले आहे. एखाद्या शिक्षकाच्या मनात वाईट नसेलही. पण व्यवस्थेला वाईट मनाची गरज नसते, तिला फक्त सवय पुरते.

आम्ही नालवाडीचे लोक ही सवय जवळून ओळखतो. १९३२ च्या अखेरीस विनोबा भावे इथे राहायला आले. त्या काळी अस्पृश्य म्हटल्या गेलेल्यांची मोठी वस्ती असलेले हे गाव. इथे सूतकताई झाली, गांधीवादी कार्यकर्त्यांनी चर्मालय चालवले. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली आणि हस्तउद्योगावर उभी असलेली सात वर्षांची शिक्षण योजना, म्हणजे नई तालीम, देशापुढे आली. मातृभाषेतून शिक्षण ही त्यातली चांगली गोष्ट होती, ते मी मान्य करते. पण हाताच्या कामाला प्रतिष्ठा द्या, हा उपदेश कोणाला होता? ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या कामातच होते, त्यांना त्या प्रतिष्ठेतून काय मिळणार होते? १९२७ ला महाडमध्ये बाबासाहेब आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढणे सोडा, असे सांगत होते. त्यानंतर दहा वर्षांच्या आत आमच्या गावात कातडे कमावण्याला सन्मानाचे काम ठरवले जात होते.

बाबासाहेबांनी दुसरा रस्ता धरला. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादेत मिलिंद. नोकरी करणाऱ्या पोरांना शिकता यावे म्हणून सिद्धार्थमध्ये सकाळचे वर्ग ठेवले. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या उच्च आणि तांत्रिक शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ ला सुरू झाली. 'मॅट्रिकोत्तर' या शब्दाकडे लक्ष द्या. आपला समाज कुठे गळतो, हे त्यांना ८० वर्षांपूर्वी माहीत होते.

आता काही मित्र म्हणतील, "ताई, सगळ्यांनी डॉक्टर-इंजिनिअरच व्हायचे का? आयटीआय वाईट आहे का?" अजिबात नाही. माझा आक्षेप आयटीआयला नाही. वस्तीच्या नावावरून आयटीआय सुचवण्याला आहे. ज्या मुलाला यंत्रात रस आहे त्याने इलेक्ट्रिशियन, फिटर जरूर व्हावे. पण त्याला पुढचा रस्ताही सांगा. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाची वाट आहे. हे न सांगता "लवकर हाताशी येईल" म्हणून पाठवणे, याला मार्गदर्शन म्हणत नाहीत.

तसेच आर्ट्सचे. आर्ट्स ही नापासांची शाखा, असे जे मानतात त्यांनी बाबासाहेबांच्या पदव्या कोणत्या विषयातल्या आहेत ते पाहावे. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा. बारावी आर्ट्सनंतर पाच वर्षांच्या लॉची सीईटी देता येते, सीयूईटी देऊन केंद्रीय विद्यापीठांत जाता येते, यूपीएससीला कोणतीही पदवी चालते. पण हे दहावीतच माहीत असेल तर ती निवड. नंबर लागला म्हणून गेलात तर ती ढकलणी. आणि उलट बाजूही सांगा: अकरावीत गणित सोडले की इंजिनिअरिंगचा दरवाजा जवळपास बंद होतो. हे किती घरांत माहीत असते?

दुसरा सापळा 'इंटिग्रेटेड'चा. नाव कॉलेजचे, शिकवणी क्लासची. कॉलेजात फक्त प्रवेश आणि प्रॅक्टिकलची सही. एजंट गावोगावी फिरतात, आई-बापांना नीटमध्ये लागलेल्या मुलांचे बॅनर दाखवतात. दागिना गहाण पडतो, बचत गटाचे कर्ज निघते. सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये घेऊ नका, असे केंद्र सरकारने जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले. पण सोळाव्या वर्षीच तर दहावी होते! बाजार तिथेच वाट पाहत बसला आहे. आणि शिक्षण हक्क कायदा? तो २००९ चा, ६ ते १४ वयासाठी. इंग्लंडमध्ये २०१५ पासून मुलाने १८ वर्षांपर्यंत शिक्षणात किंवा प्रशिक्षणात राहणे बंधनकारक आहे. आपल्याकडे कायदा चौदाव्या वर्षी हात सोडतो आणि सोळाव्या वर्षी एजंट हात धरतो.

पैसा नाही, हे कारण खरे आहे. पण जे हक्काचे आहे ते तरी आपण घेतो का? अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अकरावीपासून आहे. समाजकल्याणची वसतिगृहे आहेत. वसतिगृहात नंबर लागला नाही तर बाहेरगावी शिकणाऱ्यांसाठी स्वाधार योजना आहे, नागपूरसारख्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. रक्कम उशिरा येते, पोर्टल बंद पडते, हे सगळे खरे. त्यासाठी मोर्चा काढूच. पण अर्जच न केलेल्या माणसाला मोर्चातही उभे राहता येत नाही.

कागदांचे तर विचारूच नका. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधायला जूनमध्ये धावपळ सुरू होते. आपल्या अनेकांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसते 'बौद्ध' लिहिलेले. राज्याच्या सवलतीसाठी एक नमुना आणि केंद्राच्या परीक्षांसाठी दुसरा, हे जेईई-नीटचा फॉर्म भरताना कळते. धम्म स्वीकारला हा आपला अभिमान. त्या अभिमानाची कागदोपत्री किंमत सतरा वर्षांच्या पोराने एकट्याने का मोजावी?

म्हणून आपल्या विहारांपुढे, मंडळांपुढे आणि युवक संघटनांपुढे माझा प्रस्ताव आहे:

१) सत्कार निकालानंतर नको, निकालाआधी बैठक हवी. फेब्रुवारी-मार्चपासून दहावीच्या प्रत्येक पोराच्या घरी जा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बँक खात्याला आधार जोडलेले आहे का, याची यादी करा.

२) अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया २०२५-२६ पासून सगळ्या राज्याला लागू झाली आहे. दहापर्यंत पसंती देता येतात. हा फॉर्म कॅफेत भरायचा नाही, विहारात भरायचा. आधी कागदावर यादी लिहायची, आई-वडिलांना वाचून दाखवायची, पोराला "तुला काय हवे" विचारायचे आणि मगच सबमिट करायचे.

३) प्रत्येक पोरामागे एक शिकलेला माणूस दोन वर्षे. नागपूर-पुण्यात नोकरीला गेलेल्या आमच्या दादा-ताईंनो, १४ एप्रिलची वर्गणी पाठवता, त्याबद्दल आभार. पण महिन्यातून एक फोन एका पोराला करा. तुम्हाला "झेपेल का" विचारले गेले होते तेव्हा कोणी तरी "झेपेल" म्हणाले होते ना?

४) मुलींची निवड लग्नाच्या हिशोबाने करायची नाही. "जवळचे कॉलेज" हे कारण मुलासाठी चालत नसेल, तर मुलीसाठीही चालणार नाही.

५) सत्कार करायचाच असेल तर बारावीनंतर करा. आणि पोराबरोबर त्याच्या पाठीशी दोन वर्षे उभ्या राहिलेल्या माणसालाही मंचावर बोलवा.

ती मुलगी आज आर्ट्सला आहे. अभ्यास करते, हुशार आहे. लॉच्या सीईटीबद्दल आमचे बोलणे सुरू आहे आणि ती चांगली वकील होईल असे मला वाटते. पण परवा तिने सहज विचारले, "ताई, मले खरंच सायन्स झेपलं नसतं का?" या प्रश्नाचे उत्तर आता कोणालाच देता येणार नाही. ते तपासायची संधीच तिला मिळाली नाही.

पुढच्या वर्षी तुमच्या वस्तीतली कोणतीही पोरगी हा प्रश्न विचारणार नाही, एवढे करता आले तर करा. मोमेंटोचे पैसे त्यासाठी वापरा.

जयभीम! नमो बुद्धाय!