शस्त्रं जनतेची, पण जनता कोण?

चळवळीतल्या काही डाव्या मित्रांना युगोस्लाव्हियाच्या ‘प्रादेशिक संरक्षण दला’चं अजूनही फार कौतुक आहे. सैन्य लोकांचंच असलं की हुकूमशहाही टिकत नाही आणि आक्रमकही, असं ते सांगतात. १९६८ साली रशियन रणगाडे चेकोस्लोव्हाकियात शिरले आणि पुढच्याच वर्षी टिटोंच्या सरकारनं हे दल उभारलं. केंद्रीय सैन्य वेगळं, प्रत्येक प्रजासत्ताकाचं दल वेगळं. १९७४च्या राज्यघटनेनं तर देशाच्या वतीनं शरणागती पत्करण्याचा अधिकारच कुणाला ठेवला नाही.

पण ही ‘जनता’ म्हणजे कोण? दुसऱ्या महायुद्धात टिटोंच्या पार्टिझान फौजेत सुमारे १ लाख बायका होत्या. त्यातल्या पंचवीसेक हजार मेल्या. १९४२ साली उभी राहिलेली त्यांची फॅसिस्टविरोधी महिला आघाडी १९५३ साली गुंडाळली गेली. समाजवाद आला, आता बायकांची वेगळी संघटना कशाला! सक्तीची लष्करी सेवा पुरुषांना. म्हणजे बंदूक चालवायला शिकलेली ‘जनता’ मुख्यतः तेच.

१९९१च्या उन्हाळ्यात स्लोव्हेनियाच्या दलानं दहा दिवसांत केंद्रीय सैन्याला माघार घ्यायला लावली. आमच्या मित्रांची गोष्ट इथं संपते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये क्रोएशियात वुकोवारच्या इस्पितळातून नेलेल्या दोनशेहून अधिक माणसांना ओव्हचारा इथं ठार केलं गेलं. मारणाऱ्यांत स्थानिक सर्ब प्रादेशिक दलाचे लोक होते. १९९२ साली बोस्नियात तर दलाचेच वंशावार तुकडे पडले. कालपर्यंत ‘सर्वांचं’ म्हणवणारं दल आता आपापल्या जमातीचं झालं.

मग बायकांची पाळी आली. फोचा गावात सर्ब सैनिकांनी मुस्लिम बायकामुली ज्या क्रीडागृहात डांबल्या, त्याचं नाव होतं ‘पार्टिझान’! २००१ साली हेगच्या न्यायालयानं याप्रकरणी तिघांना दोषी ठरवलं आणि बलात्कार व लैंगिक गुलामगिरी हा मानवतेविरुद्धचा गुन्हा मानला. दोषींपैकी काहीजण त्याच भागातले. ‘स्थानिक’ माणूस म्हणजे आपला माणूस, हे घरात मार खाणाऱ्या बाईला कुणी सांगून पाहावं.

याच युद्धाविरुद्ध ऑक्टोबर १९९१पासून बेलग्रेडमध्ये काळे कपडे घालून बायका दर बुधवारी मूकपणे उभ्या राहिल्या. लढायला नकार देणाऱ्या तरुणांना त्यांनी आधार दिला, स्वतःच्याच देशात ‘देशद्रोही’ ठरल्या. लोकांच्या सैन्यावरच्या व्याख्यानांत त्यांचं नाव मी अजून एकदाही ऐकलेलं नाही.