योगाची परीक्षा योग म्हणूनच व्हावी

पुरुष वंध्यत्वासाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक डब्यांवर तीच नावे असतात: अश्वगंधा, गोखरू, कौंचबीज, शतावरी, सफेद मुसळी. सगळी द्रव्ये वाजीकरणात मान्य आहेत आणि काहींना अभ्यासांचा आधारही आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ४६ रुग्णांच्या चाचणीत अश्वगंधामुळाचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम, असा ९० दिवस घेणाऱ्या गटात शुक्राणूंची संख्या १६७ टक्के वाढली. लखनौच्या संशोधकांनी कौंचबीजाचे चूर्ण रोज ५ ग्रॅम दिले, तेव्हाही सुधारणा दिसली. आता हिशेब मांडून पाहा. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये पाच द्रव्ये समभाग घातली आणि ती दिवसातून दोनदा दिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २०० मिलिग्रॅम येतात. अर्क आणि चूर्ण एका तागडीत तोलता येत नाहीत, हे खरे. मग किती मुळापासून किती अर्क काढला, हे डबीवर छापलेले हवे. सुट्या द्रव्यांच्या अभ्यासावर मिश्रणाची शिफारस करणे मला अप्रामाणिक वाटते.

द्रव्यांचा संयोग, म्हणजेच योग, हेच आपल्या चिकित्सेचे बळ आहे, त्याचे तुकडे करून परीक्षा घेऊ नये, असे अनेक वैद्य म्हणतात. हे मला पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच परीक्षाही त्या संयोगाचीच व्हायला हवी. तीही केवळ शुक्राणूंच्या संख्येवर थांबू नये. झिंक आणि फोलिक ॲसिडच्या जोडीबद्दल लहान अभ्यासांनी मोठी आशा दाखवली होती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील २,३७० जोडप्यांच्या चाचणीत ना वीर्याचे निकष सुधारले, ना बाळांचे जन्म वाढले. शिवाय एकाच पुरुषाचा आकडा दर तपासणीत बदलतो. रुग्ण आकडा खाली असताना येतो, आणि पुढच्या वेळी तो औषधाविनाही वर जाऊ शकतो.

‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ हा आक्षेप तर सोडूनच द्यावा. अश्वगंधेच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. शिवाय व्हेरिकोसील (वृषणाच्या फुगलेल्या शिरा) न तपासता गेलेले महिने पत्नीच्या प्रजननक्षम वयातूनही वजा होतात.

शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात. तेव्हा औषधापूर्वी दोन वीर्यतपासण्या आणि वृषणांची तपासणी करा, ९० दिवसांनी पुन्हा वीर्य तपासा, आणि योगातील प्रत्येक द्रव्याची मात्रा लिहून ठेवा. गुण न आलेल्या रुग्णांच्या नोंदीही या मासिकाकडे पाठवा. त्या आम्ही तितक्याच आस्थेने छापू.