गर्दी गेटवर आहे, मागच्या दाराशी नाही

मेकॅनिकलचा डिप्लोमा, चाकणच्या कारखान्यात ठेकेदारामार्फत नोकरी, हातात महिना अठरा हजार. आमच्या अशाच एका धाकट्या भावाने परवा विहारात विचारले, "दादा, नोकरी सोडून सहा महिन्यांचा डेटा सायन्सचा कोर्स करू का? फी सव्वा लाख आहे. वडील फंडातून काढून देतो म्हणतात."

त्याला आधीच दोन उत्तरे मिळाली होती. यूट्यूबवरचा सल्लागार म्हणतो, मेहनत करणाऱ्याला आयटीत काही कमी नाही. नातेवाईक म्हणतात, तिकडे आता गर्दी झाली, एआय आले, आहे ते धरून राहा. आम्हाला दोन्ही उत्तरे अर्धवट वाटतात, कारण दोन्हींत जात कुठेच नाही.

गर्दी खोटी नाही. 2025 च्या जुलैमध्ये टीसीएससारख्या कंपनीने सुमारे 12 हजार लोक कमी करण्याचे जाहीर केले. उद्या त्या अनुभवी लोकांच्या रांगेत आमचा पोरगा सहा महिन्यांचे सर्टिफिकेट घेऊन उभा राहणार. पण रांग सगळ्यांना एकच आहे का? पोर्टलवर एका जागेला शेकडो अर्ज येतात, आणि त्याच वेळी कंपनी आपल्या कर्मचाऱ्यांना सांगते, ओळखीचा माणूस आणा, बोनस घ्या. याला रेफरल म्हणतात. ओळखीचा म्हणजे कोण? मामेभाऊ, सोसायटीतल्या काकांचा मुलगा, शाळेपासूनचा मित्र. आमच्या पोराच्या ओळखीचे सगळे शॉप फ्लोअरवर! आम्हाला आरक्षण मिळाले की गुणवत्ता बुडते, यांना रेफरल मिळाले की त्याला 'नेटवर्किंग' म्हणतात.

पोर्टलवरून अर्ज केला तरी आडनाव सोबत जातेच. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास काढून बघा. सारख्याच पात्रतेचे अर्ज, फक्त आडनावे वेगळी, आणि खाजगी कंपन्यांकडून दलित आडनावाला बोलावणे कमी.

संविधानाचे कलम 16(4) सरकारी सेवेपुरते आहे. 2004 च्या किमान समान कार्यक्रमात खाजगी क्षेत्रातल्या आरक्षणाचा विषय आला, तेव्हा उद्योगपती म्हणाले, कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू. वीस वर्षे उलटली, स्वेच्छा अजून जागी व्हायची आहे. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्याच काळात देशात सरकारी रोजगार विनिमय केंद्रांची व्यवस्था उभी राहिली. जागा कुठे आहे हे सर्वांना कळावे, हा त्यामागचा साधा विचार. 1959 च्या कायद्याने 25 किंवा जास्त कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त जागा कळवायला लावले, पण भरती तिथूनच करा असे बंधन घातले नाही. त्या फटीतूनच आजचे मागचे दार उघडते.

म्हणून भावाला आम्ही सांगितले, शीक, पण नोकरी सोडू नकोस आणि वडिलांच्या फंडाला हात लावू नकोस. पायथन, एसक्यूएल रात्री बसून शिकता येते, स्वयम् पोर्टलवर कोर्स फुकट आहेत. क्लासवाल्याला विचार, मागच्या बॅचमधल्या किती जणांना किती पगारावर नोकरी लागली, त्यांच्याशी बोलू दे. '100 टक्के प्लेसमेंट असिस्टन्स' या शब्दांत नोकरीची हमी कुठेच नाही, हे नीट वाच. आणि चार वर्षे मशीनवर काढलीस ती पुसून टाकू नकोस. उत्पादनाचा, रिजेक्शनचा डेटा कुठून येतो हे एसीत बसलेल्या पोरांपेक्षा तुला जास्त कळते. पहिला अर्ज तसल्याच कामाला कर.

आता थोडे आमच्यातल्याच आयटीवाल्यांशी. 14 एप्रिलला निळा डीपी ठेवता, ऑफिसात मात्र जात कळेल म्हणून आपल्या पोराचे नाव पुढे करत नाही. भीती आम्हाला समजते, टोमणे काय असतात तेही माहीत आहे. पण 18 मार्च 1956 ला आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती तुम्ही-आम्ही कितीदा फॉरवर्ड केली? रेफरलचा एक फॉर्म भरायला पाच मिनिटे लागतात.

भावाचा रेझ्युमे आम्ही हिंजवडीतल्या आपल्या तिघांना पाठवला आहे. एकाने लगेच फोन करून माहिती विचारली. बाकी दोघांच्या निळ्या टिक दिसतात, उत्तर आलेले नाही.