‘आपल्याकडे असे नसते’ म्हणणाऱ्या बंधूंना

रेल्वे व टपाल कामगार बंधू-भगिनींनो,

चेन्नईच्या मांबलम स्टेशनवरून रंगनाथन स्ट्रीटमध्ये उतरले की माणूस चालत नाही, ढकलला जातो. दादरच्या रानडे रोडवर दिवाळीत असते तशी गर्दी तिथे बाराही महिने असते. साड्या, स्टीलची भांडी, सोने, प्लास्टिक, सारे एकावर एक रचलेले. हा टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे पुढारी सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांच्या नावाने १९२० च्या दशकात हे उपनगर वसले. रुळांच्या पलीकडे पश्चिम मांबलम. युनियनच्या कामासाठी चेन्नईला गेलो असता तिथल्या एका खोलीवर आम्ही रात्रीचे जेवलो. खोलीत चार मराठी पोरे. तिघे रेल्वेचे, एक टपाल खात्यात सॉर्टिंगला. नांदेड, जळगाव, सांगली आणि बीड. भात-सांबार वाढता वाढता त्यांचा पाढा सुरू झाला, आणि प्रत्येक वाक्याचा शेवट एकच, “काका, आपल्याकडे असे नसते.”

घरमालक दहा महिन्यांचे भाडे आगाऊ मागतो, आपल्याकडे असे नसते. इथे हिंदी बोलले तर उत्तर तमिळमध्ये येते, आपल्याकडे असे नसते. बायकोला इथे करमत नाही, पोराला शाळेत तमिळ सक्तीने शिकावे लागते, आपल्याकडे असे नसते!

या पोरांचे दुःख खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. सोलापूर, वाडी, गुंतकल, रेणिगुंटा करीत जवळपास पूर्ण दिवसाचा प्रवास करून जो घरी जातो, त्याला आई आजारी असल्याचा फोन आल्यावर काय होते ते आम्ही जाणतो. पण हे जे ‘आपल्याकडे’ आहे ना, त्याचा हिशेब एकदा मांडला पाहिजे. कारण या एका शब्दाने कामगाराचे जेवढे नुकसान केले आहे तेवढे प्रशासनाच्या दहा परिपत्रकांनी केले नसेल.

आपल्याकडे म्हणजे कुठे? मुंबईत? चौघांपैकी एकही कधी मुंबईत राहिलेला नाही. घरभाडे भत्ता मुंबईला आणि चेन्नईला एकाच वर्गाचा, दोन्ही ‘एक्स’ शहरे; २०२४ च्या जानेवारीपासून दोन्हीकडे मूळ पगाराच्या ३० टक्के. त्या पैशात मुंबईत कुणाला खोली मिळते ते कसाऱ्याहून रोज पहाटेची लोकल धरणाऱ्यांना विचारा. शाळेतल्या भाषेचे म्हणाल, तर तमिळनाडूने २००६ मध्ये कायदा करून तमिळ सक्तीची केली, आणि आपल्या विधिमंडळाने २०२० मध्ये तोच कायदा मराठीसाठी केला. तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. योग्यच केले. मग बिहारचा गँगमन आपल्या पोराला मराठी शाळेत घालताना कुरकुरतो, तेव्हा त्याला काय ऐकवतो ते आठवा.

आणि हिंदीचे! २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला तेव्हा अख्खा महाराष्ट्र खवळला, आणि जून संपायच्या आत सरकारला तो मागे घ्यावा लागला. तमिळ माणूस हेच १९३८ पासून सांगत आला, १९६५ साली त्यासाठी रस्त्यावर माणसे मेली. तेव्हा आपण त्यांना हेकट म्हणत होतो. आज मांबलमच्या रिक्षावाल्याने हिंदीला उत्तर दिले नाही म्हणून रागावणारा हाच गडी जळगावला सुट्टीवर गेला की ‘मराठीतच बोल’ म्हणून दुकानदाराशी भांडतो.

त्याहून कडू गोष्ट सांगायची आहे. १९६६ नंतर मुंबईत ‘मद्रासी’ माणसाविरुद्ध जे रान उठवले गेले, त्यात लुंगीवाला म्हणून कोणाला मारले? माटुंग्याचा इडलीवाला, ऑफिसातला टायपिस्ट, धारावीतला चामडे कमावणारा. कारखानदारास कोणी हात लावला नाही. पुढे १९ ऑक्टोबर २००८ रोजी रेल्वे भरतीच्या परीक्षेस आलेल्या उत्तरेकडच्या मुलांना मुंबईत मारहाण झाली. भरतीत स्थानिकांना डावलले जाते ही तक्रार खरी होती, पण मार खाल्ला तो नोकरी मागायला आलेल्या पोरांनी, जागा न भरणाऱ्यांनी नव्हे. त्या दिवशी आमच्यापैकी काही जण गप्प बसले. आम्हीही त्यात होतो हे लिहून ठेवतो.

टी. नगरमध्ये राहणाऱ्या आमच्या पोरांना कुणी मारले नाही. घरमालकाने आगाऊ मागितली, रागाने पाहिले, बस्स.

आता तुलनाच करायची तर पोटाची करू. आपल्याकडे १९९५ साली एक रुपयात झुणका-भाकर निघाली. गाजावाजा केवढा! केंद्रांच्या जागांवर पुढे काय काय उभे राहिले ते तुम्ही पाहिलेच आहे. चेन्नईत २०१३ मध्ये एक रुपयाला इडली देणारी उपाहारगृहे निघाली. ज्यांनी काढली त्यांचे सरकार २०२१ मध्ये गेले, विरोधक आले, पण इडली बंद झाली नाही. शाळेतले दुपारचे जेवण कामराजांनी १९५० च्या दशकात सुरू केले, एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये वाढवले. तिथे सरकार बदलते तेव्हा ताट काढून घेत नाहीत, त्यात एक पदार्थ वाढवतात. श्रेय घेण्यासाठी का होईना! आपल्याला हे का जमले नाही? आपण काही कमी नव्हतो. १९६९ चा माथाडी कायदा आपला, आणि तो पाहून तमिळनाडूने १९८२ मध्ये हातकामगारांचा कायदा केला. १९७७ चा रोजगार हमीचा कायदाही आपला, त्यावर पुढे साऱ्या देशाचा कायदा उभा राहिला. देणाऱ्या घराची ही अवस्था झाली.

त्याच रंगनाथन स्ट्रीटच्या दुकानांतली पोरे-पोरी तिरुनेलवेली, तूत्तुकुडीकडच्या खेड्यांतून आलेली. दहा-बारा तास उभी, पायांच्या शिरा फुगलेल्या. दुकानात बसायचे नाही, गिऱ्हाईक नसले तरी नाही. त्यांच्या या जिण्यावर २०१० मध्ये ‘अंगाडी तेरु’ नावाचा सिनेमा निघाला. ती पोरेही खोलीवर परत गेल्यावर ‘आपल्याकडे असे नसते’ असेच म्हणत असतील, फक्त तमिळमध्ये, आणि आपल्याच राज्यात! केरळातल्या बायकांनी लढून २०१८ मध्ये ‘बसण्याचा हक्क’ कायद्यात आणला, २०२१ मध्ये तमिळनाडूने आणला. कायदा झाला म्हणून स्टूल आले असे नाही. आम्ही मुद्दाम तीन दुकानांत डोकावलो. एकात मुली बसलेल्या दिसल्या, दोनांत नाही.

कामाचे तास घ्या. २१ एप्रिल २०२३ रोजी तमिळनाडूच्या विधानसभेत कारखान्यांत बारा तासांची मुभा देणारे विधेयक मंजूर झाले. लाल, तिरंगी, सगळ्या झेंड्यांच्या संघटना एकत्र उठल्या, सत्ताधाऱ्यांचे मित्रपक्षही उठले, आणि १ मे रोजी मुख्यमंत्र्यांना ते मागे घेतल्याचे जाहीर करावे लागले. दहा दिवस! सिंगारवेलु यांनी १९२३ मध्ये देशातला पहिला मे दिन याच मद्रासच्या समुद्रकिनारी साजरा केला होता, त्याची शंभरी अशी साजरी झाली. आपल्याकडे ३ सप्टेंबर २०२५ रोजी मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची मर्यादा नऊवरून बारा तास करण्यास मंजुरी दिली. गणपतीचे दिवस होते. पत्रके निघाली, निषेध झाले, पण जुन्या गिरणगावाला शोभेल असे काय झाले? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८९० मध्ये रविवारची सुटी ज्या मुंबईत मिळवली, तिथली ही गोष्ट.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. नांदेडचे पोर मांबलमला का आले? हौसेने नव्हे. घराजवळच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या, कामे कंत्राटदाराला द्यायची, आणि देशभर अर्ज भरत फिरणाऱ्या पोराला जिथे जागा निघेल तिथे टाकायचे. मग परत यायचे तर? रेल्वेत स्वतःच्या विनंतीवरून दुसऱ्या रेल्वेत बदली घेतली की सेवाज्येष्ठता तळाला. टपालात रूल ३८, तिथेही तेच, नव्या युनिटमध्ये सर्वांत कनिष्ठ. आपसातली बदली घ्यावी तर जोडीदार शोधा, आणि ज्येष्ठता दोघांतली जी कमी ती. एवढे सोसूनही अर्ज पुढे सरकेल तर शपथ! खोलीवरच्या सांगलीच्या पोराचा अर्ज एका कार्यालयात साडेतीन वर्षे पडून आहे. कारण विचारले तर म्हणे, ‘बदली माणूस आल्यावर सोडू.’ म्हणजे जागा भरायची नाही हा गुन्हा प्रशासनाचा, आणि शिक्षा पोराला.

बंधूंनो, या राजकारणात भाषा कशी वापरली जाते ते पाहा. मे २०१९ मध्ये मदुराईजवळ तिरुमंगलम भागात दोन स्टेशन मास्तरांना एकमेकांचे बोलणे नीट न कळल्याने दोन पॅसेंजर गाड्या एकाच मार्गावर आल्या. सुदैवाने टक्कर टळली. औषध काय काढले? जूनमध्ये परिपत्रक, की कंट्रोल आणि स्टेशन मास्तरांनी हिंदी किंवा इंग्रजीतच बोलावे! म्हणजे तमिळनाडूत तमिळ माणसाने तमिळ बोलायचे नाही. गदारोळ झाला आणि ते मागे घेतले गेले. बाहेरून आलेल्या माणसाला कामापुरती तमिळ शिकवायला महिनाभराचा वर्ग लावावा, ड्युटीत धरावा, हे कुणाला सुचले नाही. त्याला पैसे लागतात ना! त्याच वर्षी १४ जुलैला टपालाची परीक्षा फक्त हिंदी-इंग्रजीत घेतली, राज्यसभेत ओरड झाली, आणि दोन दिवसांत ती रद्द करून तमिळसह प्रादेशिक भाषांत घेण्याचे मंत्र्यांना जाहीर करावे लागले. ती ओरड तमिळ खासदारांनी केली. फायदा मराठी पोस्टमनच्या पोरालाही आहे.

पश्चिम मांबलममध्ये तंजावरहून आलेली जुनी मराठी घरेही भेटतात. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत ते राज्य टिकले, त्या काळापासूनची ही माणसे. घरात त्यांची मराठी, बाहेर अस्सल तमिळ. त्यांची मराठी आपल्याला अर्धी कळते. तीनशे वर्षांत त्यांनी चूल तिथेच मांडली. आमच्या पोरांपैकी एकानेही त्यांचे दार वाजवलेले नव्हते, शेजारच्या गल्लीत राहून!

आम्ही त्या रात्री चौघांना तीन कामे सांगितली. बदलीच्या अर्जाची तारखेसह प्रत आमच्याकडे पाठवा. कामाच्या जागेवरच्या तमिळ साथीदाराकडून रोज दहा शब्द शिका, आणि त्याच्या युनियनच्या सभेला जाऊन बसा, कळो न कळो. नांदेडच्या पोराने विचारले, “काका, तिथे आपले कोण ऐकणार?” १९७४ च्या मे महिन्यात वीस दिवस गाड्या थांबल्या तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

सांगलीच्या अर्जाची प्रत आली आहे. विनंती बदलीतील ज्येष्ठतेची अट आणि बाहेरून आलेल्यांसाठी ड्युटीतले भाषावर्ग, हे दोन्ही ठराव येत्या सभेत आम्ही मांडणार आहोत. ज्या शाखांकडे असे पडून राहिलेले अर्ज असतील त्यांनी ते सभेच्या आधी पाठवावेत, तारीख स्पष्ट लिहून.